आईचे दूध आणि अर्भकाची ॲलर्जी

काशीच्या पंचगंगा घाटावर पाच नद्यांचा संगम होतो, अशी परंपरेची समजूत आहे. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा ही त्या पाचांची नावे. यांपैकी डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. उरलेल्या चार तिच्यात गुप्तपणे मिळतात असे मानतात. या घाटाचा व मराठी माणसांचा संबंध जुना आहे. घाटावर अहल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जाणारा दगडी दीपस्तंभ उभा आहे. वरचे बिंदुमाधवाचे सध्याचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधविले. पंचगंगा, दुर्गाघाट व ब्रह्माघाट यांच्या मागील गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे राहत आली आहेत.

अशा घरात बाळंतिणीची खोली सजली की दोन प्रांतांचे आहारशास्त्र एकत्र येते. महाराष्ट्राकडून डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, मेथी, खसखस, सुके खोबरे व बाळंतशेप येतात. काशीकडून सुंठीचा सोंठौरा, आटीव दूध, रबडी आणि हिवाळा असल्यास केशर घातलेला दुधाचा फेस, म्हणजे मलइयो, येतो. या साऱ्यामागील हेतू चांगलाच असतो. आईला शक्ती यावी आणि तिला दूध भरपूर यावे, हा तो हेतू. परंतु क्वचित एखाद्या घरी असे घडते की बाळ दीड महिन्याचे होते, अंगावर नीट पिते, वजनानेही वाढते, आणि एके दिवशी त्याच्या शीत रक्ताचे धागे दिसतात. घरातील मंडळी घाबरतात. “आईचे दूध बाळाला बाधते, ते बंद करा आणि गाईचे पाणी घालून द्या,” असा सल्ला कोणीतरी देते. हा सल्ला बहुधा चुकीचा असतो, आणि पुष्कळदा घातकही ठरतो. तो चुकीचा का आणि योग्य मार्ग कोणता, हे समजून घेणे हाच या पुस्तिकेचा विषय आहे.

१. ॲलर्जी म्हणजे काय?

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक संरक्षक यंत्रणा असते. तिला आपले व परके ओळखता येते. अन्न हे परके असले तरी ते निरुपद्रवी आहे, हे ती यंत्रणा बालपणीच शिकते व अन्नाकडे दुर्लक्ष करते. काही व्यक्तींत मात्र हे शिक्षण अपुरे राहते. मग दूध, अंडे, भुईमूग किंवा मासे यांतील एखाद्या प्रथिनाला ती यंत्रणा शत्रू समजते आणि त्याच्याशी लढू लागते. या लढाईत त्वचा, आतडी व श्वसनमार्ग यांना जी इजा पोहोचते, तीच ॲलर्जी होय.

हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली बनविला. १९२१ साली जर्मनीतील प्राउस्निट्झ व क्युस्टनर या दोघा वैद्यांनी एक साधा पण धाडसी प्रयोग केला. क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. त्यांच्या रक्ताचा रस प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचताच त्वचेवर गांधी उठली. ॲलर्जीचे कारण रक्तातील एखाद्या पदार्थात आहे, हे यावरून सिद्ध झाले. तो पदार्थ कोणता, याचा उलगडा व्हायला मात्र १९६६–६७ साल उजाडावे लागले. अमेरिकेत किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी स्वतंत्रपणे तो शोधून काढला. आज त्याला आयजीई प्रतिपिंड म्हणतात.

सर्वच ॲलर्जी या प्रतिपिंडामुळे होत नाही. काही प्रकारांत संरक्षक पेशी स्वतःच आतड्याच्या अस्तरात गोळा होतात व तेथे सूज आणतात. अंगावर पिणाऱ्या बालकांत हा दुसरा, सावकाश चालणारा प्रकारच अधिक आढळतो.

२. आईचे अन्न दुधात कसे उतरते?

आईने काय खाल्ले याचा तिच्या दुधावर परिणाम होतो, हा विचार भारतीय वैद्यकाला नवा नाही. सुश्रुताने काशीराज दिवोदास धन्वंतरीकडून विद्या घेतली, असे सुश्रुतसंहिता सांगते. त्या ग्रंथात मातेच्या वा दाईच्या अपथ्याने दूध दूषित होते, असे प्रतिपादन आहे. पाण्यात टाकलेले दूध एकजीव मिसळते की नाही यावरून त्याची परीक्षा करण्याची रीतही तेथे दिली आहे. ॲलर्जी ओळखण्यास ती परीक्षा उपयोगी नाही. परंतु आहार आणि स्तन्य यांचा संबंध तेथे मांडलेला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आधुनिक शास्त्राने हा संबंध मोजून दाखविला आहे. आपण खाल्लेली प्रथिने पोटात व आतड्यांत तुटून त्यांचे लहान घटक होतात. फार थोडे रेणू न तुटता किंवा अर्धवट तुटून रक्तात शिरतात, आणि तेथून काही तासांत आईच्या दुधात उतरतात. गाईच्या दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचे एक प्रथिन असते. मानवी दुधात ते मुळीच तयार होत नाही. म्हणून आईच्या दुधात ते सापडले, तर ते तिने घेतलेल्या गाई-म्हशींच्या दुधातूनच आले असले पाहिजे.

हे प्रमाण किती सूक्ष्म असते ते पाहू. गाईच्या एक मिलिलिटर दुधात हे प्रथिन सुमारे ३ मिलिग्रॅम असते. आईच्या दुधात ते आढळलेच, तर एका मिलिलिटरमध्ये काही नॅनोग्रॅम इतकेच असते. एक मिलिग्रॅम म्हणजे दहा लक्ष नॅनोग्रॅम. म्हणजे आईच्या दुधातील प्रमाण गाईच्या दुधातील प्रमाणाच्या सुमारे दहा लक्षांश भरते. पंचगंगेच्या गुप्त नद्यांप्रमाणे हा प्रवाह डोळ्यांना दिसत नाही. बहुसंख्य बालकांना तो अपाय करीत नाही. उलट, अशा सूक्ष्म परिचयातून त्यांची संरक्षक यंत्रणा अन्न ओळखण्यास शिकते, असे मानण्यास आधार आहे. थोड्या बालकांनाच तो त्रासदायक होतो.

३. हे कितपत आढळते?

या प्रश्नाचे एक चांगले उत्तर डेन्मार्कमध्ये मिळाले. ओडेन्स शहरात १९८५ साली जन्मलेल्या १,७४९ बालकांचा आर्ने होस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला. त्यांपैकी ३९ बालकांना, म्हणजे शेकडा सुमारे २.२ जणांना, गाईच्या दुधाची ॲलर्जी आढळली. त्यांतील केवळ नऊ बालके निव्वळ आईच्या दुधावर होती. म्हणजे दर दोनशे बालकांत सुमारे एक.

या नऊ बालकांचा पूर्वेतिहास तपासला तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत, प्रसूतिगृहात असताना, त्या सर्वांना गाईच्या दुधापासून केलेले कृत्रिम दूध पाजण्यात आले होते. म्हणजे परक्या प्रथिनाची पहिली ओळख आईच्या दुधातून नव्हे, तर थेट बाटलीतून झाली होती. यावरून आपण एक धडा घ्यावा. “बाळ फक्त अंगावर पिते” असे सांगितले जाते तेव्हा वैद्याने व घरच्यांनी बाळाला दुसरे काय दिले जाते, हे आधी शोधले पाहिजे. वरचे दूध, बाळगुटी, मधाचे बोट, पंचामृताचे तीर्थ, साखरेचे पाणी यांपैकी काही ना काही पुष्कळ घरांत दिले जाते. पंचामृतात दूध, दही व तूप असते. मध तर एक वर्षाखालील बालकास कधीच देऊ नये. त्यातील जंतुबीजांमुळे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा संभवते.

४. लक्षणे

लक्षणांचे दोन गट पडतात.

पहिला गट त्वरित लक्षणांचा. अन्न पोटात गेल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठणे, ओठ व पापण्या सुजणे, वारंवार उलटी होणे, श्वासाला घरघर लागणे ही ती लक्षणे. अंगावर पिणाऱ्या बालकात ती विरळ असतात. बाळाने तो पदार्थ स्वतः चाखला, तर ती प्रथम दिसण्याचा संभव अधिक.

दुसरा गट सावकाश दिसणाऱ्या लक्षणांचा. शीत रक्ताचे धागे व शेंबडासारखा चिकट पदार्थ येणे हे यांतील सर्वांत परिचित लक्षण होय. ते बहुधा दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात सुरू होते. आश्चर्य असे की बाळ एरवी निरोगी, हसरे व वजनाने वाढणारे असते. याशिवाय हट्टी इसब, सततच्या उलट्या आणि क्वचित वजन न वाढणे हीही लक्षणे आढळतात.

या बालकांत दोषी ठरणाऱ्या पदार्थांत गाईचे दूध सर्वांत पुढे आहे. त्याखालोखाल अंडे, सोयाबीन, गहू व भुईमूग यांचा क्रम लागतो.

५. जे ॲलर्जी नव्हे ते

प्रत्येक रडण्याचे खापर ॲलर्जीवर फोडणे योग्य नाही. सुदृढ बालकेही पहिल्या तीन महिन्यांत संध्याकाळी पुष्कळ रडतात. हे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. केवळ रडणे, थोडे दूध बाहेर टाकणे किंवा हिरवट शी होणे एवढ्यावरून आईच्या ताटातील पदार्थ काढून घेऊ नयेत.

शीतील रक्ताचीही अन्य कारणे असतात. गुदद्वाराशी पडलेली चीर, जंतुसंसर्गाची हगवण, किंवा आईच्या स्तनाग्राला चीर पडून तिचेच रक्त बाळाच्या पोटात जाणे, ही त्यांपैकी काही. जन्मतः के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन न मिळालेल्या बाळास त्याच्या अभावी रक्तस्राव होऊ शकतो, व तो गंभीर असतो. म्हणून शीत रक्त दिसल्यास प्रथम डॉक्टरांकडे जावे. घरगुती निदान करू नये.

दुग्धशर्करा न पचणे ही आणखी निराळी गोष्ट आहे. ती प्रथिनाशी नव्हे, साखरेशी संबंधित आहे. आईच्या दुधात ही साखर शंभर मिलिलिटरला सुमारे ७ ग्रॅम असते. आईने दूध प्यावे वा न प्यावे, तिचे प्रमाण बदलत नाही. त्यामुळे या कारणासाठी आईने दूध सोडणे निरर्थक होय.

६. निदानाची रीत: वगळणे व पुन्हा देणे

सावकाश होणाऱ्या ॲलर्जीचे निदान रक्ताच्या वा त्वचेच्या तपासणीने सहसा होत नाही. त्यासाठी एकच विश्वसनीय रीत आहे. संशयित पदार्थ आईने काही काळ पूर्णपणे वगळावा, बाळाकडे लक्ष ठेवावे, आणि नंतर तो पुन्हा घेऊन पाहावा. ही रीत डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुढील क्रमाने अमलात आणतात.

पहिली पायरी: एका वेळी एकच पदार्थ, बहुधा दूध, दोन ते चार आठवडे वगळावा. दूध वगळणे याचा अर्थ केवळ पेला बाजूला ठेवणे नव्हे. दही, ताक, लोणी, पनीर, खवा, पेढे, रबडी, लस्सी, मलइयो, चहातील दूध व खीर हे सारे त्यात येते. बाजारातील बिस्किटे व पाव यांत दुधाची भुकटी असू शकते. वेष्टनावरील मजकूर वाचावा. तुपातही प्रथिनाचा अंश राहण्याचा संभव असतो, म्हणून परीक्षेच्या काळात तेही टाळणे बरे. म्हशीचे व बकरीचे दूध हा पर्याय नव्हे, कारण त्यांतील प्रथिने गाईच्या प्रथिनांशी फार मिळतीजुळती असतात. काशीच्या मराठी घरात ही पायरी सर्वांत अवघड जाते. देवाचा प्रसाद, पाहुणचाराचा पेढा आणि सासूबाईंनी मायेने केलेली खीर नाकारावी लागते. म्हणून या परीक्षेचा हेतू घरातील सर्व वडीलधाऱ्यांना आधीच समजावून सांगावा.

दुसरी पायरी: या काळात स्तनपान अखंड चालू ठेवावे. दूध हेच कारण असल्यास काही दिवसांत रक्त कमी होऊ लागते आणि दोन आठवड्यांत ते बहुधा थांबते. इसबाला अधिक वेळ लागतो.

तिसरी पायरी: बाळ सुधारल्यावर आईने दूध पुन्हा घेऊन पाहावे. लक्षणे परत आली तर निदान पक्के झाले. परत आली नाहीत तर पहिली सुधारणा योगायोगाची होती. आईने निर्धास्तपणे दूध घ्यावे. ही तिसरी पायरी पुष्कळजण गाळतात, आणि त्यामुळे कित्येक माता विनाकारण महिनोन्‌महिने उपाशीपणा सोसतात. ज्या बाळाला त्वरित प्रकारची लक्षणे झाली असतील, त्याच्या बाबतीत मात्र ही पायरी रुग्णालयातच पार पाडावी.

चौथी पायरी: दूध वगळून गुण न आल्यास दूध पुन्हा सुरू करून डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसऱ्या पदार्थाचा विचार करावा. एकदम दहा पदार्थ सोडल्याने कारण कधीच कळत नाही आणि आई अशक्त मात्र होते.

७. आईचे पोषण

आईने दूध सोडले की कॅल्शियमचा मोठा साठा तिच्या आहारातून जातो. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस दररोज सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. ते आहारातून न मिळाल्यास शरीर तिच्याच हाडांतून काढून घेते. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. राजगिरा, हिरव्या पालेभाज्या व तीळ हेही चांगले स्रोत होत. तरीही दूध दीर्घकाळ वर्ज्य करावयाचे असेल तर कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. प्रथिनांसाठी डाळी, उसळी व चालत असल्यास अंडी व मासे यांचे प्रमाण वाढवावे. बाळंतिणीला “बाधेल” म्हणून डाळ, भाजी व फळेही तोडण्याची रूढी येथे विशेष अपायकारक ठरते.

८. स्तनपान का थांबवू नये?

पाणी घातलेले गाईचे दूध देणे म्हणजे आईच्या दुधात दहा लक्षांश असलेले प्रथिन बाळाला थेट पाजणे होय. ज्या पदार्थाने त्रास झाला तोच लाखो पटींनी वाढवून देण्यासारखे हे आहे. शिवाय अस्वच्छ बाटली व पाणी यांतून हगवण होते, आणि हगवणीने लहान बालकाचा जीव ॲलर्जीपेक्षा कितीतरी लवकर धोक्यात येतो. आईच्या दुधात आतड्याच्या अस्तराचे रक्षण करणारे आयजीए प्रतिपिंड असतात. ते कोणत्याही डब्यात मिळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनुसार पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, आणि पुढे पूरक अन्नाबरोबर दोन वर्षे व अधिक काळ स्तनपान, हा मार्ग उत्तम होय. भारतात कृत्रिम दुधाच्या जाहिरातीवर निर्बंध घालणारा कायदा १९९२ साली झाला आणि २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला. क्वचित, अगदी तीव्र आजारात, प्रथिने तोडून तयार केलेले विशेष दूध द्यावे लागते. तो निर्णय तज्ज्ञांचा असतो.

९. उष्टावण व पुढील काळ

शीत रक्त येण्याच्या प्रकारात बहुसंख्य बालके एक वर्षाच्या सुमारास दूध सोसू लागतात. म्हणून हे निदान जन्मभराचा शिक्का समजू नये. सहा महिन्यांनी उष्टावण करताना मात्र अशा बालकास दुधाची खीर चाटवू नये. मऊ वरणभात किंवा भाताची पेज द्यावी. दूध पुन्हा केव्हा व कसे सुरू करावे हे डॉक्टरांशी ठरवावे.

इतर पदार्थ मात्र भीतीपोटी लांबवू नयेत. पूर्वी तज्ज्ञही भुईमूग, अंडे इत्यादी पदार्थ उशिरा द्या असे सांगत. २०१५ साली लंडनमधील गिडियन लॅक व सहकाऱ्यांच्या प्रयोगाने हे मत पालटले. तीव्र इसब वा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बालकांपैकी निम्म्यांना ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून भुईमूग नियमित दिला, उरलेल्यांना तो पाच वर्षांचे होईपर्यंत दिला नाही. पाचव्या वर्षी टाळणाऱ्यांत शेकडा सुमारे १७ मुलांना भुईमुगाची ॲलर्जी झाली. खाणाऱ्यांत शेकडा सुमारे ३ मुलांनाच. भुईमूग बारीक कुटून वा वाटूनच द्यावा. अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकतो. ज्याला तीव्र इसब आहे अशा बालकाबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. त्याचप्रमाणे, ॲलर्जी होऊ नये म्हणून गरोदरपणी किंवा स्तनपानाच्या काळात निरोगी आईने पदार्थ टाळण्याने लाभ होतो, असे आढळलेले नाही.

१०. धोक्याची चिन्हे

बाळाचा श्वास घरघरू लागला, ओठ निळे पडले, बाळ एकाएकी गळून गेले, किंवा वारंवार उलट्या होऊन निस्तेज पडले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तीव्र ॲलर्जीवर ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच मुख्य उपचार आहे. घरगुती औषधात वेळ दवडू नये. शीत रक्त अधिक प्रमाणात येणे, ताप असणे, पोट फुगणे, तसेच बाळाने पिणे सोडणे हीही त्वरित तपासणीची कारणे आहेत.

सारांश, अंगावर पिणाऱ्या बालकास ॲलर्जी होणे विरळ आहे. झाल्यास दोष आईच्या दुधाचा नसून त्यात सूक्ष्म प्रमाणात उतरलेल्या परक्या प्रथिनाचा असतो. ते प्रथिन ओळखून तेवढेच दूर करावे, आईचे पोषण सांभाळावे आणि स्तनपान चालू ठेवावे. ज्या घरी हे समजलेले असते, तेथे बाळंतीण स्वतःला दोषी मानीत नाही आणि बाळाचे सर्वोत्तम अन्नही हिरावले जात नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन आईच्या दुधात सापडल्यास त्यावरून काय सिद्ध होते, आणि का?
२. ओडेन्स येथील नऊ बालकांच्या पूर्वेतिहासातून कोणता बोध मिळतो?
३. वगळलेला पदार्थ पुन्हा देऊन पाहणे का आवश्यक आहे? ते न केल्यास आईचे कोणते नुकसान होते?
४. आपल्या घरी बाळंतिणीसाठी होणाऱ्या पदार्थांची यादी करा आणि त्यांपैकी कशाकशात दूध असते ते शोधा.